आंजर्ल्याची पांढरी फुले

पुण्याच्या एका मुलींच्या शाळेत मी शिवण आणि हस्तकाम शिकवते. बायकांनी घरी केलेल्या वस्तूंचे प्रदर्शन भरवायचे असे शाळेत ठरले, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याकडची बाजू पाहून येण्याचे काम मी मागून घेतले. ऐकणाऱ्या हसल्या. कोकणात काय पाहणार, नारळाच्या करवंटीची वाढायची डवली? पण मला अशाच वस्तूंचे वेड आहे. शिंपल्यांचे ससे, सुपारीचे भटजी, काचमण्यांचे पोपट, काडेपेट्यांचे बंगले. शहाणी माणसे त्यांच्याकडे पाहून नाक मुरडतात. मी त्या हातात घेऊन उलटसुलट करते आणि ही वस्तू कशाची, कशी केली असेल हे ओळखत बसते. हा शौक कुणाच्या तरी संसारावर बेतू शकतो, हे मात्र आंजर्ल्याला जाईपर्यंत मला ठाऊक नव्हते.

घरून परवानगी मिळाली ती बापूमामा सोबतीला येणार या अटीवर. बापूमामा म्हणजे माझे धाकटे मामा. माणूस देवगुणी, पण पोटात काही राहत नाही. मनात आले की ओठांवर आलेच.

हर्णै

मुंबईहून निघालेली बोट हर्णैला किनाऱ्यापर्यंत येत नाही. ती समुद्रात उभी राहते आणि उतारू न्यायला आलेला पडाव, म्हणजे मोठी होडी, तिच्या अंगाशी येऊन आदळत राहतो. लाट पडावाला वर उचलते त्या क्षणी उडी टाकायची, चुकले तर मधल्या फटीत. मला एका खलाशाने दंड धरून अक्षरशः फेकले. मामांची छत्री पाण्यात गेली. वाळूपाशी पुन्हा गुडघाभर पाणी. तिथून खलाशी लोक उतारूंना खांद्यावर घेऊन कोरड्यात ठेवतात. मी लुगडे सावरत पाण्यातून चालत गेले. मामा मात्र थाटात खांद्यावर बसून आले आणि वर मला म्हणाले, "तुझ्यापेक्षा मी कोरडा आहे."

बैलगाडी मिळेपर्यंत आम्ही कोळीवाड्याच्या कडेने हिंडलो. एका घराच्या दारावर तोरण होते, आणि ते पाहून मी थबकले. दुधी पांढरी फुले, मोगऱ्याच्या दुहेरी फुलांसारखी, मधे पिवळा केसर. ऊन पडले की पाकळ्यांतून आरपार उजेड येई, आणि वाऱ्याने ती एकमेकांवर घासून बारीक किणकिणत. घरातली बाई बाहेर आली. चांगुणा तिचे नाव.

"कशाची गं ही?" मी विचारले.

"वळखा," ती हसून म्हणाली.

अभ्रक म्हटले, शिंपला म्हटले, मेण म्हटले. ती मान हलवत राहिली. शेवटी तिने पडवीतल्या सुपातून एक पाकळी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. रुपयाएवढी, किंचित वळलेली, कडक. उजेडाकडे धरल्यावर तिच्यावर एकात एक बारीक वर्तुळे दिसली, जशी झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर दिसतात.

"घोळीची खवलं," ती म्हणाली. घोळ म्हणजे इकडचा मोठा मासा. खवले राखेने घासायचे, लिंबाच्या पाण्यात भिजत घालायचे, सावलीत वाळवायचे, कातरीने कापायचे आणि तारेत ओवायचे. मी पाकळी नाकाशी नेली. वास नव्हता. आमच्यासारख्या शाकाहारी घरातली मी, पण ती पाकळी टाकवेना. प्रदर्शनासाठी ते तोरण मी तिच्याकडे मागितले, पण ते तिच्या मुलीच्या लग्नाचे होते. तिने नाही म्हटले, आणि ते मला बरोबरच वाटले.

आंजर्ले

खाडी ओलांडली की आंजर्ले. वर कड्यावर गणपतीचे देऊळ, खाली नारळीपोफळीत दडलेली घरे. आम्ही उतरलो ते मामांच्या दूरच्या नात्यातल्या अन्नपूर्णाकाकूंकडे. काकूंचे यजमान काशीयात्रेला गेलेले, मुलगा दत्तू मुंबईला नोकरीत. घरात काकू आणि सून यशोदा, दोघीच. काकू उंच, सोवळ्याओवळ्याला कडक. यशोदा लहानखुरी, पंचविशीच्या आतबाहेर. तिचे माहेर वेळणेश्वरचे. बोलणे इतके कमी की मला आधी वाटले, हिला कमी ऐकू येते.

जेवायला फणसाच्या कुयरीची भाजी, आमसुलाचे सार आणि ओल्या काजूची उसळ होती. आमच्याकडे काजू मोजून शिऱ्यात पडतात. इथे वाटीभर उसळ वाढून वर "आणखी घ्या हो" म्हणतात.

आम्ही आल्याच्या तिसऱ्या दिवशी काकूंकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. पुण्यात आम्ही आरास मांडतो ती निम्मी बाजारातून आणून. इथे सगळी आरास घरची. आदल्या दिवशीच माजघरात पायऱ्या लावून काकूंनी ती मांडायला घेतली होती, आणि मी वस्तू हातात घेऊन ओळखत होते. करवंटीचे कासव, त्याच्या पाठीवर लाखेचे ठिपके. माडाच्या हिरांची, म्हणजे झावळीच्या काड्यांची, आगबोट, धूर म्हणून शेवरीचा कापूस. सुपारीचे लग्न लागलेले, भटजींची शेंडी लवंगेची. भरतकामाच्या एका चौकटीत इंग्रजी अक्षरे होती, पण सगळी उलटी. नमुन्याचा कागद मागच्या बाजूने धरून कुणीतरी मन लावून टाके घातले होते. काकूंना ते सांगायचा मला धीर झाला नाही.

"आणि हे बघा," काकू म्हणाल्या. त्यांचा स्वर अभिमानाने मऊ झाला. "हे आमच्या दत्तूनं मुंबईहून पाठवलंन. गेल्या वर्षीपासून गौरीला हीच महिरप."

पाळण्यातल्या गौरीभोवती पांढऱ्या फुलांची महिरप होती. दुधी, आरपार उजेड येणारी, मधे पिवळा केसर.

"कसली हो ही? दत्तू म्हणे सेल्युलॉइड का काय. तुम्हांला कळेल."

मी एक फूल बोटांत धरले. पाकळी किंचित वळलेली होती. खिडकीच्या उजेडात तिच्यावर एकात एक बारीक वर्तुळे दिसली. हर्णैच्या पाकळीवरची तीच वर्तुळे.

मी वर पाहिले. स्वयंपाकघराच्या दारात यशोदा उभी होती, हातात पितळी तांब्या. ती माझ्या बोटांकडे पाहत होती. मग तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिले आणि ती दारातूनच मागे सरली.

"सुरेख आहेत," मी काकूंना म्हणाले. ते तरी खोटे नव्हते.

संध्याकाळी मी मागीलदारी विहिरीवर पाय धुवायला गेले तेव्हा ती आलीच. रहाट धरून उभी राहिली.

"ताई, तुम्ही ओळखलंत."

"काल हर्णैला पाहिली होती. तूच केलीस?"

तिने मान डोलावली. माहेरी, वेळणेश्वरला, लहानपणी वाळूत खेळायला सुंदरी नावाची खारव्याची, दर्यावर मासे मारणाऱ्याची, मुलगी असे. तिच्या आईकडून दोघी शिकल्या. सासरी आल्यावर पहिली दोन वर्षे तिने हातात सुई धरली नाही. मग माहेरपणाला गेली तेव्हा सुंदरीने तिला खवल्यांची पुरचुंडी दिली.

"दुपारी सासूबाई निजल्या की माळ्यावर बसून करत्ये. ह्यांना ठाऊक आहे. मुंबईहून पाठवली असं सांगायचं त्यांनीच सुचवलंनी. मला वाटलं होतं कपाटात राहतील. सासूबाईंनी एकदम गौरीलाच लावली. मग काय सांगणार?"

"आणि कळलं तर?"

"कळलं तर आहेच." तिने रहाटाचा दोर हाताला गुंडाळला. "घर वाळीत पडेल. आधीच मूलबाळ नाही म्हणून लोक बोलतात. मला वेळणेश्वरला पोचवतील, आणि ह्यांना दुसरी बघतील. तुम्ही बोलू नका, ताई. एवढं करा."

मी तिला वचन दिले. पण वचन देताना मला मामांची आठवण झाली. कालचे तोरण मामांनीही पाहिले होते.

मामांना बाजूला घेऊन मी बजावले, सगळे न सांगता एवढेच, की हर्णैच्या फुलांविषयी घरात अवाक्षर काढू नका. त्यांनी शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओटीवर पान लावत बसले असताना शेजारच्या गोदूताई दूध घेऊन आल्या. गावातल्या सगळ्यांच्या घरचे सगळे त्यांना ठाऊक. दार सताड उघडे होते. मामांची नजर माजघरातल्या महिरपीवर गेली, आणि मी आतून धावत येईपर्यंत ते बोलून चुकले होते, "वा! परवा हर्णैला कोळणीच्या दारावर अगदी अशीच फुलं होती."

आपण काय बोललो हे कळून त्यांनी पान तोंडात कोंबले. पण गोदूताई दुधाचे भांडे धरून तशाच उभ्या होत्या. महिरपीकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "येते हो तिसऱ्या प्रहरी, हळदीकुंकवाला."

यशोदेला मी सांगितले तेव्हा ती कैरी किसत होती. तिचे बोट किसणीवर घासले गेले. "काढून टाकू या का?" मी विचारले. "आता काढली तर सासूबाईच विचारतील," ती म्हणाली. ते खरे होते. काकू सकाळपासून महिरपीसमोरून हलल्या नव्हत्या.

दुपार कलल्यावर बायका येऊ लागल्या. माजघर भरले. हळदीकुंकू लागले, हाताला चंदन, गुलाबदाणीचे शिंतोडे. यशोदा कैरीच्या डाळीच्या वाट्या आणि पन्ह्याचे पेले तबकात घेऊन फिरत होती, आणि मी तिच्या बोटाला बांधलेल्या चिंधीकडे पाहत होते. गोदूताई सर्वांत शेवटी आल्या. पाटावर न बसता त्या सरळ गौरीपाशी गेल्या.

"अन्नपूर्णे, ही फुलं दत्तूनं पाठवलीन ना?"

"हो तर."

"सेल्युलॉइडची?"

"तसं म्हणालान खरा."

"आमच्या जावयाकडे सेल्युलॉइडची बाहुली होती. निखारा लागला तर भुर्रकन जळून गेली, मागमूस नाही." गोदूताईंनी महिरपीच्या टोकाचे एक फूल हळूच तोडले. "आणि दुसरं काही असलं, तर वासच सांगेल."

त्या फूल घेऊन समईकडे वळल्या. मी नकळत उठले आणि त्यांचा हात धरला. "गोदूताई, आराशीत कापूस आहे, पेट घेईल!"

"मग अंगणात जाऊ."

काकू उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. त्यांना काय चालले आहे ते कळले नव्हते, पण आपल्या घरावर काहीतरी चालून येत आहे एवढे कळले होते.

"जाळायचं कशाला? गौरीसमोर मांडलेली वस्तू आहे ती." त्या माझ्याकडे वळल्या. "ह्या पाव्हण्या आहेत. हेच ओळखण्यासाठी पुण्याहून आल्यात. ह्या सांगतील. ह्यांचा शब्द मला पुरे. सांगा हो, कशाची आहेत?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. समईची वात तडतडली. मी गौरीकडे पाहिले, मग खाली पाहिले. एक शब्द, सेल्युलॉइड, एवढाच म्हणायचा होता. मी तो म्हणणार होते. मी तोंड उघडले.

"माशाचे खवले आहेत."

आवाज माझा नव्हता. यशोदेने तबक खाली ठेवले होते.

"ह्यांनी पाठवलेली नाहीत. मी केली."

एकीने हातातली डाळीची वाटी जमिनीवर ठेवली. मग दुसरीने.

काकू सुनेकडे बघत राहिल्या. "तू केल्येस?"

"हो."

"ह्या घरात बसून?"

"माळ्यावर. आंघोळ करून मगच स्वयंपाकाला शिवत असे."

"घे," गोदूताई म्हणाल्या. त्यांनी फूल टाकून हात पदराला पुसला. "गौरीभोवती मासळी! आणि तिच्या हातची डाळ आम्ही खायची?" त्या दाराकडे निघाल्या. दोघीतिघी त्यांच्या मागे उठल्या.

माझ्याने राहवले नाही. "काकू, देवापुढे शंख असतो, तोही समुद्रातल्या जिवाचाच..."

"शंख शास्त्रात सांगितलाय," काकू माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "खवलं सांगितली नाहीत. तुम्ही मधे बोलू नका."

काकू तबकापाशी गेल्या. वाकून त्यांनी डाळीची एक वाटी उचलली. क्षणभर ती हातात तशीच धरली. मग उभ्या राहून, सगळ्यांकडे तोंड करून, त्यांनी त्यातली डाळ चार बोटांनी तोंडात घातली, चावली आणि गिळली.

"चुकलंय तिचं," त्या म्हणाल्या. "गौर मी धुवून घेईन. भटजींना विचारून काय ते प्रायश्चित्त करीन. पण सून माझी आहे, आणि तिच्या हातचं मी खाल्लंय. आता वाळीत टाकायचं असेल तर आधी मला टाका. गोदे, जायचंय तर जा. पुढल्या वर्षी बोलावणं येईलच."

गोदूताई गेल्या. त्यांच्याबरोबर उठलेल्या बायकांपैकी एक दारातून परत आली आणि मान खाली घालून पाटावर बसली. ज्यांनी वाट्या खाली ठेवल्या होत्या त्यांतल्या एका म्हातारीने आपली वाटी पुन्हा उचलली. बाकीच्यांनी नाही. हळदीकुंकू कसेबसे उरकले. पन्हे बरेच उरले.

बायका गेल्यावर काकूंनी सुनेला विहिरीवर आंघोळीला पाठवले, महिरप उतरवायला लावली, गौर पंचगव्याने धुतली. यशोदेशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याशीही नाहीत. रात्री मामांनी तर दुसरा भातही मागितला नाही.

खाडीवर

सकाळी आम्ही निघालो तेव्हा ओटीवर पंच्यात गुंडाळलेले एक गाठोडे होते. काकूंनी त्याला हात लावला नाही. नुसते बोट दाखवून सुनेला म्हणाल्या, "पाव्हण्यांना तरीवर, होडीपाशी, पोचव. आणि जाताना हे घेऊन जा. घरात नको. खाडीत सोड, काय हवं ते कर, मी विचारणार नाही." मग माझ्याकडे वळून, "आमचं नाव कुठं लावू नका म्हणजे झालं," असे म्हणून त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावले. त्यांचे डोळे सुजलेले होते. "दत्तूला बोलावून घेत्ये. त्याला मात्र सोडणार नाही. आईशी खोटं बोलतो!"

पाऊलवाटेने जाताना मामा मुद्दाम मागे राहिले. मी यशोदेला विचारले, "का बोललीस? मी सेल्युलॉइड म्हणणार होते."

"ते दिसलं मला. गौरीसमोर तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलला असतात." तिने गाठोडे दुसऱ्या हातात घेतले. "आणि दुसरंही एक आहे, ताई. दोन वर्षं सगळ्या ह्या महिरपीपुढे उभ्या राहून म्हणतात, मुंबईची फुलं ती, कारागीर तो कारागीर. मी तिथंच तबक घेऊन उभी. काल गोदूताई ते फूल जाळायला निघाल्या, तेव्हा वाटलं, आता हे माझं म्हणून कुणाला ठाऊक नसतानाच जळणार. मग भीतीच राहिली नाही."

खाडीच्या कडेला तिने गाठोडे माझ्या हातात दिले. पाण्यात सोडायचा विषय दोघींनीही काढला नाही. होडीत पलीकडे परतणाऱ्या तीन कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. मी चढताना होडी हेलकावली, पंच्याची गाठ सुटली आणि पांढरी महिरप माझ्या मांडीवर पसरली. कोळणींपैकी एक प्रौढ बाई पुढे वाकली.

"घोळीची खवलं!" तिने एक फूल दोन बोटांत धरून उजेडात फिरवले. "गे बाय, कवढी बारीक कातरलीय. तार कुटं दिसत पन नाय. कोनी केली ही?"

मला काकूंची अट आठवली. मी काठाकडे पाहिले. नावाडी होडी लोटत होता. यशोदा घोटाभर पाण्यात उभी होती.

"मी केली," ती म्हणाली.

कोळणीने तिच्याकडे पाहिले. सोवळ्यासारखे नेसलेले लुगडे, गळ्यातली पोत, बोटाची चिंधी. ती आधी चकित झाली, मग मोठ्याने हसली. "तुमी, वैनी? अवो आमच्यात पन अशी कुनाला येनार नाय! वास कसा काय घालवलाव? आमच्या फुलांना पावसाळ्यात वास सुटतो."

होडी सुटली. आमच्यात आणि काठात पाण्याची पट्टी रुंद होऊ लागली. तीन दिवसांत मी जिचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता, ती यशोदा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली,

"लिंबाच्या पाण्यात दोनदा भिजवायची! पहिलं पाणी टाकून द्यायचं, आणि मग पुन्हा भिजवायची!"

मागे वाटेवरून गावातली दोन माणसे येत होती. तिने वळून पाहिले नाही.

"दोनदा?" कोळीण ओरडली.

"दोनदा!"